थीसिसच्या परीक्षेला आलेलं गाव

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या शहरात पीएचडी करत असताना माझी रूममेट स्पेनची होती. तिचं गाव डोंगरातलं, इतकं लहान की हिवाळ्यात तिथे जेमतेम वीस-पंचवीस माणसं उरायची, त्यातली बहुतेक सत्तरीच्या पुढची. ती शिकली ती शाळाही बंद पडली होती. गावाचा विषय निघाला की आमच्यातलं कुणीतरी हळहळायचं आणि तिला ते मुळीच आवडायचं नाही.

"गाव गेलेलं नाही. आहे अजून," ती शांतपणे म्हणायची.

तिचा अभ्यास भूजलाचा. गावाला पाणी देणारा झरा दर उन्हाळ्यात आटायला लागला होता, म्हणून थीसिससाठी तिने तोच घेतला. सुट्टीत ती स्वतः जायची. एरवी तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई पाण्याची पातळी बघून फोटो पाठवायच्या. मी त्यांना काकूच म्हणायचे.

डिफेन्सच्या, म्हणजे थीसिसच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी मी सगळ्यांसाठी शिरा करून नेला. "घरच्यांना लिंक पाठवलीय," ती म्हणाली होती. मला वाटलं, आई-बाबा असतील. पडद्यावर चित्र आलं आणि बघते तर बंद शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर, अख्खं गाव कोट घालून बसलेलं. पहिल्या बाकावरच्या आजोबांनी तर टाय लावला होता. इंग्रजीचं अक्षर कळत नसताना सगळे शेवटपर्यंत हलले नाहीत.

"कुणाला काही विचारायचंय?" गाइडने विचारलं. पडद्यावर काकूंचा हात वर झाला. त्या स्पॅनिशमध्ये बरंच बोलल्या. माझी मैत्रीण आमच्याकडे वळली.

"दोन मुलं असलेलं एक कुटुंब गावात राहायला यायचं म्हणतंय. काकू विचारतायत, पाणी पुरेल का? त्यांना या म्हणून सांगू का?"

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. तिने आपला शेवटचा ग्राफ पुन्हा लावला, आकडे नीट बघितले आणि आधी त्यांच्या भाषेत, मग आमच्या भाषेत उत्तर दिलं. "पुरेल. पण वरची गळकी टाकी आधी दुरुस्त करा."

कमिटीतले सगळ्यात कडक प्रोफेसर म्हणाले, "माझा प्रश्न याहून सोपा होता."

ती पास झाली. पडद्यावरचं गाव उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी शिऱ्याची डिश कॅमेऱ्यासमोर धरली, तर टायवाले आजोबा वाकून वाकून बघायला लागले. त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या स्वतःच्या डिफेन्सलाही वाटला नाही.

टाकी दुरुस्त झाली, कुटुंब आलं. ती इथली नोकरी नाकारून परत गेली आणि आता आजूबाजूच्या गावांच्या पाण्याचं काम बघते. मी इथेच अमेरिकेत, अल्फारेटाला आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, तर मागे त्या दोन पोरांचा इतका दंगा चालला होता की निम्मं बोलणं ऐकूच आलं नाही. ती मात्र खुशाल दार उघडं ठेवून बोलत होती.