थंड इंजिनाला शिस्त

मावशींनी हेडक्लार्कांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते स्टुलावर उभे होते. बावीस वर्षांच्या मावशी कुठल्याशा दाखल्यासाठी एका सरकारी कचेरीत गेल्या होत्या, आणि एक सडपातळ कारकून भिंतीवरचं घड्याळ दीड मिनिट मागे घेत होता. खाली चौदा माणसांची रांग खोळंबली होती. "घड्याळच चुकीचं असेल तर अर्जावर वेळ कुठली घालायची?" असं तो रांगेलाच विचारत होता. तो पडला असता तर त्या रांगेतून एकही माणूस पुढे झाला नसता. मावशींना मात्र तो आवडला. बाविसाव्या वर्षी अशा चुका होतात.

तो कारकून आधी मावशींचा नवरा झाला आणि मग हेडक्लार्क. कचेरीत त्यांच्या पाठीमागे त्यांना 'परिपत्रक' म्हणत. उशिरा आलेल्या माणसावर ते कधी ओरडले नाहीत. आधी त्याच्याकडे, मग हजेरीपटाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे बघत. तेवढ्यात तो माणूस घामाघूम होई. निवृत्तीनंतर असं बघायला कुणी उरलं नाही. मावशींवर हा प्रयोग लग्नाच्या पहिल्याच वर्षी फसला होता. राहिली अठरा वर्षांची जुनी गाडी.

मावशी एक पाळणाघर चालवत. त्यांना मावशी हे नाव तिथल्याच मुलांनी दिलं आणि पुढे साऱ्या गावाने उचललं. साडेसातला दार उघडायचं, कारण आईबापांना आठला कामावर हजर व्हायचं असे. एकोणीस वर्षं दाराची किल्ली मावशींकडे होती, आणि रोज सकाळी हेडक्लार्क त्यांना गाडीतून सोडत.

थंडीत गाडी सुरू केली की ती आधी जोरात घरघरे. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा पंधराशेवर जाई, इंजिन तापलं की दोन-तीन मिनिटांत आपणहून आठशेवर उतरे आणि गाडी शांत होई. थंड गाडी असंच करते. पण हेडक्लार्कांना ते बघवेना.

"काम सुरू व्हायच्या आधीच हा आरडाओरडा कशाला?"

"अहो, गारठलीय ती. मलाही उठल्यावर दोन मिनिटं लागतात."

"तू ओरडत नाहीस."

"तुम्ही झोपलेले असता."

यावर हेडक्लार्कांनी उपाय काढला. गाडी ओरडली की बंद करायची, अर्धं मिनिट थांबायचं आणि पुन्हा सुरू करायची. धावत वर्गात शिरलेल्या मुलाला बाहेर पाठवून 'आता नीट ये' म्हणावं, तसं. गाडी चार-चार वेळा बाहेर गेली आणि चारही वेळा ओरडतच आत आली. या शिकवणीत मावशी एका पंधरवड्यात दोनदा उशिरा पोचल्या. दुसऱ्या वेळी अकरा मुलं आणि तितकेच चिडलेले पालक फाटकाशी थंडीत कुडकुडत उभे होते. पाळणाघराच्या समितीच्या अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, पुन्हा असं झालं तर किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल हो." मावशी त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मेकॅनिकने गाडी तपासून सांगितलं, "काका, काही झालेलं नाही. थंड असताना जास्त फिरणारच." त्याने पैसेही घेतले नाहीत. तिथेच त्याच्यावरचा हेडक्लार्कांचा विश्वास उडाला. तो पोरगा शिकाऊ आहे, असा निकाल देऊन दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतःच बॉनेट उघडलं, इंजिनाचा वेग ठरवणारा स्क्रू शोधला आणि चालू थंड इंजिनावर तो पिळत पिळत काटा आठशेवर आणला. गाडी नुसती गुणगुणू लागली.

"ऐक," ते मावशींना म्हणाले. "याला म्हणतात शिस्त."

पहिल्या सिग्नलला गाडी थांबली आणि बंद पडली. त्यांनी सुरू केली. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा बंद. तिसऱ्याला मागच्या रिक्षावाल्याने भोंग्यावरचा हात काढलाच नाही.

"हट्टाला पेटलीय आज," हेडक्लार्क म्हणाले.

सात वाजून सोळा मिनिटं झाली होती.

"उतरा," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"उतरा म्हणते ना. इकडे येऊन बसा."

मावशींकडे अकरा वर्षांपासून लायसन्स होतं. ते वापरलं जात नव्हतं, कारण शेजारी हेडक्लार्क बसले की दर गिअरला एक शेरा मिळे. आज त्यांनी गाडी सुरू केली आणि प्रत्येक सिग्नलला हँडब्रेक ओढून ॲक्सिलरेटरवर पाय जरासा दाबून धरला. गाडी बंद पडली नाही. नुसती गर्जत राहिली.

"अगं, किती ओरडतेय! बावीसशे झाले!"

"ओरडू दे."

"लोक बघताहेत!"

"तुम्ही काट्याकडे बघू नका. तुमच्या बाजूने सायकलवाला येतोय का ते सांगा."

"येतोय," हेडक्लार्क खालच्या आवाजात म्हणाले.

सात एकोणतीसला मावशींनी कुलूप काढलं. फाटकाशी दोनच मुलं आली होती, आणि त्यातलं एक तर अजून आईच्या खांद्यावर झोपलेलंच होतं.

दुपारी मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "काका, ती थंड असताना पंधराशेवर असते आणि तापली की सातशेने खाली येते. तुम्ही थंड असतानाच आठशेवर बसवलीत. मग तापल्यावर तिने जायचं कुठे?"

हेडक्लार्कांनी वाकून त्या स्क्रूकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण सकाळी आवाज किती छान येत होता."

स्क्रू पुन्हा जागेवर आला. किल्ली मावशींकडेच राहिली. आता थंडी असो नसो, गाडी मावशीच चालवतात. मावशींना एकटं पाठवणं हेडक्लार्कांना बरं वाटत नाही, म्हणून तेही शेजारी बसून पाळणाघरापर्यंत जातात. परत येताना ते बसने येतात, कारण गाडी संध्याकाळपर्यंत तिथेच उभी असते.