सखुअक्कांची बेरीज

गणित सुटेपर्यंत सखुअक्का खाली बसत नसत. दहावीला बाहेरून बसणाऱ्या बायकांना मी चोपडा गावात दर रविवारी दुपारी गणित शिकवायचो. बाकीच्या सतरंजीवर बसत; अक्का खिडकीशी उभ्या, वही कठड्यावर. वय बेचाळीस. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव, तिथल्या अंगणवाडीत त्या मदतनीस होत्या. सेविका व्हायचं तर पुढे शिकणं भाग होतं, आणि दहावीच्या गणितानं त्यांना दोनदा अडवलं होतं.

"माले पास व्हनं शे, सर. दुसरी गोष्ट नही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

एका रविवारी घातांकांची उजळणी चालली होती. एक ट्रक एका वर्षी ८.४ × १०⁴ किलोमीटर धावला, पुढच्या वर्षी ९ × १०³. एकूण किती? अक्कांनी लिहिलं, १७.४ × १०⁷.

"अक्का, तुमचा ट्रक सूर्याच्याही पलीकडे गेला की!" मी म्हणालो. बायका हसल्या. अक्का हसल्या नाहीत.

"मना हिशोब कसा चुकना ते सांगा."

मी सांगितलं, दहाचा चौथा घात म्हणजे दहा हजार, तिसरा म्हणजे हजार. घात वेगळे असताना आकडे थेट मिळवायचे नसतात.

अंगणवाडीचं धान्य रोज त्यांच्याच हातून जायचं. जरा विचार करून त्या म्हणाल्या, "म्हंजे पोतं अन् किलो. आधी बठ्ठं पोतामा आना, मंग मिळवा."

"अगदी बरोबर, सगळं एकाच मापात," म्हणत मी फळ्यावर झटपट ८.४ आणि ०.०९ मिळवले. उत्तर ८.४९ × १०⁴.

"चूक शे," अक्का म्हणाल्या.

"वीस वर्षं शिकवतोय मी, अक्का." माझा आवाज चढला होता.

त्या फळ्यापाशी आल्या. माझ्या हातातला खडू घेऊन त्यांनी ८४००० लिहिले, खाली ९००० लिहिले आणि बेरीज मांडली: ९३०००. "नऊले दहानी भागं ते शून्य पॉइंट नऊ व्हस. तुमी शंभरनी भागं. मोजी ल्या."

मी डस्टर उचललं आणि माझं उत्तर पुसून ९.३ × १०⁴ लिहिलं. कान तापले होते. पण इतका अभिमान मला त्याआधी कुठल्याच विद्यार्थ्याचा वाटला नव्हता.

निकालाच्या दिवशी त्यांचा फोन आला. "सर, गनितमा एकेचाळीस. पास."

मी अभिनंदन केलं आणि म्हटलं, "आता रविवारी निवांत आराम करा, अक्का."

"आराम कसाना? एकोणसाठ मार्क कोठे गयात ते माले समजनं नही. रविवारले मी येस."