पन्नास रुपयांचा आशीर्वाद

मंडळी, आज दुपारी मी एका मुलीची नोकरी घालवली. हेतू चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो.

गंगापूर रोडच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर देवळ्याची ऋतुजा राहते. मोबाईलवर गोळीबाराचा गेम खेळते. पूर्वी एका संघात पगारावर होती. प्रायोजक गेला, संघ मोडला. तेव्हापासून ती आपला खेळ लाइव्ह दाखवते. बघणारे पैसे पाठवतात, ती प्रत्येकाचं नाव वाचून आभार मानते. अभिषेकाला गुरुजी यजमानाचं नाव-गोत्र उच्चारतात, तसंच. नाव राहिलं तर यजमान रुसतो आणि घरभाडं अडतं.

आज नव्या संघातल्या पगारी जागेसाठी तिची चाचणी होती. लाइव्ह बंद ठेवणं परवडत नाही, म्हणून तेही चालूच. खेळात ती आणि एक प्रतिस्पर्धी, एवढेच उरले होते. मला राहवलं नाही. ‘विजयी भव’ लिहून पन्नास रुपये पाठवले.

“थँक्यू, जोशीकाका,” तिनं सवयीनं वाचलं, आणि तेवढ्यात तिला गोळी लागली.

संध्याकाळी जिन्यात भेटली. मी माफी मागितली.

“जाऊ द्या काका. हरल्यावर लोक लय हसले. एवढे पैसे कधीच आले नव्हते.” मग हळूच म्हणाली, “पण मला खेळता चांगलं येतं हो.”

दान देताना काळ बघावा, हे मी वर्गात आयुष्यभर शिकवलं. तुम्हीच सांगा, उद्या तिच्या जिंकण्यासाठी गप्प बसू, की भाड्यासाठी पैसे पाठवू?