ऑपरेशनआधी नाकारलेलं प्रभुभोजन

"तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज आहेत. बायपास करावा लागेल, लवकर," बीडचे डॉक्टर म्हणाले. माझी अँजिओग्राफी नुकतीच झाली होती. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो घेतात, ती तपासणी. बायकोनं, सुलभानं, तिथंच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. मीही मिटले. पण हाक कुणाला मारायची, ते कळेना.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी नांदूरघाटचा शाळामास्तर, आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा पंच. दर रविवारी उभा राहून 'येशू देव आहे' म्हणायचो. मनातून मानायचो, फार चांगला माणूस होता, बस. देव मरेल कसा? धडधाकट असताना असला प्रश्न दाबून ठेवता येतो. आता छाती उघडणार होते. तो नुसता माणूस असेल, तर मी जन्मभर एका मेलेल्याला हाका मारत होतो.

ऑपरेशनसाठी संभाजीनगरला निघालो. गाडी अप्पाची. अप्पा म्हणजे माझा जुना दोस्त, लिंगायत, किराणा दुकानदार. मांजरसुंब्याला चहाला थांबलो. सुलभा गाडीतच होती. मी अप्पाला सगळं सांगून टाकलं.

अप्पानं गळ्यातलं लिंग सदऱ्यावरून चाचपलं. "मास्तर, आमी देव छातीवर बांधून हिंडतो. माज्यासंगं निजतो, माज्यासंगं घामेजतो. तुमचा तर सोता माणूस होऊन आला म्हणतेत. मला पटतंय, अन् तुला कावून पटंना बे?"

गार झालेला चहा मी ओतून दिला आणि गाडीत जाऊन बसलो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आमच्या मंडळीचे पाळकसाहेब प्रभुभोजनाची, म्हणजे येशूचं शरीर आणि रक्त म्हणून घेतात ती, भाकर आणि द्राक्षरस घेऊन वॉर्डात आले. मी म्हणालो, "येशू देव आहे असं मला वाटत नाही. खोटं गिळून मला टेबलावर जायचं नाही."

ते वयानं लहान. गोंधळले. प्याला रुमालानं झाकला आणि म्हणाले, "मी इथंच मुक्कामाला आहे."

सुलभा भडकली. "इतकी वर्षं गप होता. अजून एक दिवस गप बसायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीही ती रडत असतानाच मला आत नेण्याची तयारी सुरू झाली. पायातली शीर काढून बंद जागेला वळसा देतात, तो बायपास. मला त्याची नाही, तिची काळजी वाटत होती. मेलो तर हे भांडणच तिच्याजवळ राहणार.

शुद्ध आली तेव्हा घशात व्हेंटिलेटरची नळी होती, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्राची. हात बांधलेले. तहान मात्र अशी, की दुसरं काही सुचेना. नर्सबाई ओठांवरून ओला कापूस फिरवायच्या. "पाणी आत्ता नाही, काका."

वधस्तंभावर येशूलाही तहान लागली होती. ते वाचून मी म्हणायचो, बघा, माणूसच तो. त्या खाटेवर उलटं झालं. ज्याला कधी तहानच लागली नाही, अशा देवाला मी तिथून काय सांगणार होतो? आवाज फुटत नव्हता. मनातच म्हणालो, "देवा येशू." पहिल्यांदा मनापासून.

शंका पुरत्या गेल्यात असं नाही. पण तुमच्यापैकी कुणी त्या खाटेवर जाणार असाल, तर एवढंच सांगतो: घशातली नळी निघते, घाबरू नका. आणि मनात दडवलेलं आधी घरच्यांना सांगा. रागावतील. रागावू द्या.

नळी निघाल्यावर सुलभा चमच्यानं पाणी पाजत होती, अजून फुगलेलीच.

"पाळकसाहेबांना बोलव, म्हणावं प्याला घेऊन या," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

"भिऊन म्हणताय का खरंच?"

"दोन्ही."

ती चमचा हातात तसाच घेऊन दाराकडे धावली.