लवादापुढे दिलेलं उत्तर

राहनाळच्या गोदामात गठ्ठा अंगावर पडून दादाचं, माझ्या थोरल्या भावाचं, उजवं मनगट मोडलं, तेव्हा दवाखान्याच्या कागदांवर सही मी केली. घरात बारावीपर्यंत शिकलेला मी एकटाच. शाळेचा अर्ज असो की लाइटबिलाची तक्रार, कागद माझ्यापुढेच येतो. त्या दिवशी चार पानं होती, सगळी इंग्रजीत. काउंटरवरची मुलगी म्हणाली, काका, सगळ्यांना हेच असतं, लवकर करा. फुल्या मारलेल्या जागी मी सह्या केल्या. स्ट्रेचरवरून दादाने विचारलं, "वाचलास ना रं सगला?" मी हो म्हटलं.

ऑपरेशननंतर त्याची बोटं मिटेनात. गोदामातलं काम सुटलं. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायचं ठरलं, तेव्हा दवाखान्याने माझ्या सहीचं तिसरं पान पाठवलं. उपचारांवरून वाद झाला तर कोर्टात किंवा आयोगाकडे न जाता दवाखान्याने नेमलेल्या लवादापुढे जायचं आणि त्याचा निर्णय मानायचा, असं त्यात होतं. ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

आमच्या वकीलबाई मला फोनवर म्हणाल्या, या अटीला हरकत घेता येईल. लवादापुढच्या पहिल्या बैठकीत एवढंच सांगा की वाचायला वेळ मिळाला नाही आणि कुणी समजावलंही नाही. म्हणजे खरं तेवढंच सांगायचं होतं.

लवाद हळू बोलणारे, निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी पान पुढे सरकवलं आणि वाचून सही केली होती का, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत शेजारून दादा म्हणाला, "साहेब, याला काय विचारताव? हा औषधाच्या डब्यातला कागद पन वाचतो. त्याशिवाय मला गोली देत न्हाय."

लवाद हसले. वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या.

"हो, वाचून केली," मी म्हणालो.

त्यांनी ते लिहून घेतलं. वकीलबाई आमच्या पुढे भराभर जिना उतरून गेल्या. दादाला मात्र वाटत होतं, आपली बाजू चांगली मांडली गेली.

आता वकीलबाईंनी जबाब दुरुस्त करायचा अर्ज लिहून दिलाय. मी न वाचता सही केली, हे त्यात स्पष्ट आहे. तक्रार दादाची, म्हणून अर्जही त्याच्याच नावाने. अंगठा द्यायला तो केव्हाही तयार आहे. फक्त म्हणाला, रविवारी निवांत वाचून दाखव.

दोन रविवार गेले.