स्थिर आहे की ठेवलंय?

औषधाच्या कारखान्यात तिला सगळे थांबाताई म्हणत. खोकल्याच्या औषधासाठी लागणारा साखरेचा पाक स्थिरावला की नाही, हे सांगणं तिचं काम. कुणी घाई केली की मान वर न करताच ती म्हणे, "थांबा."

तिची पारख साधी होती. तळाच्या साखरेसकट नमुना बाटलीत भरायचा, झाकण घट्ट लावायचं आणि हात लावायचा नाही. तळाची साखर ना वाढली ना घटली, तर पाक स्थिर. आत सगळं झोपलेलं असतं असं नव्हे. साखरेचा मोडका खडा टाकला तर काही दिवसांनी त्याच्या कडा भरून येत. जितकी साखर विरघळे तितकीच पुन्हा बसे. फक्त त्यासाठी बाहेरून कुणाला खपावं लागत नसे.

घरी आई अंथरुणाला खिळलेली. सकाळी तिचं अंग पुसणं, कूस बदलणं, औषध, मग कारखाना. दुपारी शेजारीण डोकावून जाई. संध्याकाळी पुन्हा तेच. थोरला भाऊ रविवारी यायचा, आईच्या स्वच्छ चादरीकडे बघून म्हणायचा, छान घडी बसलीय तुमची. ती हो म्हणायची. वाद घालायलाही अंगात त्राण लागतं.

एकदा मोठ्या टाकीचा तापमानाचा काटा दिवसभर हलला नाही, पातळीही तेवढीच राहिली. दमलेल्या डोळ्यांनी तिने बघितलं आणि बाटली न भरताच सांगितलं, पाक स्थिरावलाय. दुसऱ्या दिवशी पाइप धुवायला फिटरने वाफेचे आणि पाकाचे सगळे कॉक बंद केले. संध्याकाळपर्यंत टाकी निवली आणि तळाशी साखरेचा थर बसला. ऊब वाफेची होती. आणि खालून जाई तितका पाक वरून येत होता, म्हणून पातळी टिकली होती.

केमिस्ट साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "टाकी स्थिर नव्हती, ताई. आपण तिला स्थिर ठेवली होती."

घरी जाताना बसमध्ये तिला भरून आलं. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

रविवारी भावाने पुन्हा घडीचं कौतुक केलं.

"दादा, घडी बसलेली नाही," ती म्हणाली. "मी धरून ठेवलीय. मी चार दिवस मावशीकडे जाते. तू राहा इथे."

चार दिवसांत काय आभाळ कोसळणार आहे, असं म्हणून तो हसला. ती गेली. मावशीकडे पहिले दोन दिवस नुसती झोपली. नंतर रिकाम्या हातांचं काय करावं तेच तिला कळेना.

परत आली तेव्हा चादर मळलेली होती, औषधाच्या वेळा चुकल्या होत्या, आईच्या पाठीवर लाल चट्टा उमटला होता. भावाची दाढी वाढलेली.

"मला वाटायचं, हे आपोआप चालतं," तो खाली बघत म्हणाला.

ती टोचून बोलली नाही. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली घालून कूस कशी बदलायची, ते तिने त्याला दाखवलं.

आता तो आठवड्यातून तीन संध्याकाळी येतो. औषध उशिरा देतो, चादर सुरकुतलेली ठेवतो, आई कुरकुरते. थांबाताईचा थकवा काही गेलेला नाही. पण त्या संध्याकाळी ती आतल्या खोलीत आडवी होते, आणि टॉवेल कुठे आहे असं त्याने विचारलं तर न उठता सांगते.