वाघजाईपासून पायी

बायको गेल्यापासून वडिवळ्याच्या घरात मी एकटाच राहतो. लेक तळेगावात. तिचं एकच टुमणं, "आबा, आता आमच्याकडं चला, कायमचे." मी म्हणतो, न्हाई. गेल्या हिवाळ्यात तिनं डाव टाकला. तिकोणा पेठेच्या पुढं, आडरानात, डोंगरावर इको-लॉज झालंय, दोन दिवस राहून येऊ म्हणाली. मी काय ओळखत न्हाई व्हय? डोंगरात म्हातारा दमलेला दिसला, की तळेगाव पक्कं.

डांबरी रस्ता संपला तिथं लॉजची जीप आली. चढाच्या तोंडाशी वाघजाई आहे, शेंदूर फासलेला दगड. तिच्यापुढून आमच्यात कुणी बसून जात न्हाई. नवरदेवसुद्धा घोड्यावरून उतरतो. आणि एकदा उतरलं की माथा येईपर्यंत परत बसायचं न्हाई.

"थांबव रं."

ड्रायव्हर हसला. "आबा, बसल्या जागी हात जोडा. देवी काय पावती फाडतीय व्हय?"

"थांबवतो का उडी टाकू?"

उतरलो, वहाणा काढून पाया पडलो, वहाणा घातल्या आणि चालू लागलो.

लेक ओरडली, "आबा, गुडघे! डॉक्टर काय म्हणाले होते?"

"तुझा डॉक्टर डोंगरातला न्हाई."

मग तीही चरफडत उतरली. जीप सामान घेऊन वर गेली.

चढ लय होता, खोटं कशाला सांगू. करवंदीच्या जाळीपाशी मी टेकलो.

"बघा, बसलात ना?"

"दगडावर बसलो, गाडीत न्हाई. आन तूच किती धापा टाकतीयास! हितं लिफ्ट न्हाई, बाई."

तिला हसू आलं, पण ते तिनं दाबलं.

माथ्यावर पोचलो. लॉजची खोली बघितली तर मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, खुंटीला कंदील. लेक म्हणाली, "किती छान, ना?" म्हणलं, "माझ्या घरात हेच हाय, तर तुला माझे हाल दिसत्यात."

ती माझ्या पायांकडं बघत होती. "थरथरतायत ते."

"थरथरू देत. वर आलो का न्हाई? मी घर सोडणार न्हाई."

तिनं मला भिंतीला टेकवून बसवलं आणि पाय चेपायला घेतले. मग म्हणाली, "दर रविवारी मी वडिवळ्याला येणार. त्याला नाही म्हणायचं नाही."

"ये की. पण चुलीपुढं मी बसणार. तू पाहुणी."